पुरोहित, निबंधक आणि जोडीदार : विवाहाच्या लौकिकीकरणाचा मराठी-तमिळ इतिहास

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी मार्गावर सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव लागते. (केरळातील त्याच नावाच्या पर्यटनस्थळाशी त्याचा काही संबंध नाही.) अठराव्या शतकात येथे ऑस्टेंड कंपनीची वखार होती. अर्काटचा नवाब सादतुल्ला खान याच्या नावाने हे बंदर काही काळ सादतपट्टणम म्हणून ओळखले जाई. १७५२ साली क्लाइव्हने येथील किल्ला घेतला, आणि आता त्या किल्ल्याच्या जागेवर एक मोठे हॉटेल उभे आहे. गावात कार्मेल मातेचे चर्च आहे, तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे, कैलासनाथाचे देऊळ आहे. भारतीय किनाऱ्यावर असे दृश्य दुर्मीळ नाही आणि त्याचे कौतुक करण्याची रीतही जुनी आहे. विवाहाचा इतिहास अभ्यासणाऱ्याला मात्र या दृश्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच वाळूवर जाळी सुकविणाऱ्या तीन कुटुंबांतील लग्ने तीन निरनिराळ्या कायद्यांखाली लागतात. चर्चमधील लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो, निकाहाला बव्हंशी असंहिताबद्ध राहिलेला मुस्लिम व्यक्तिगत कायदा, आणि देवळापाशी लागलेल्या लग्नाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा. तिन्ही ठिकाणी विधी धर्माचा असतो, पण त्याला शिक्का राज्याचा मिळतो.

धर्मसंस्था आणि राजसंस्था यांच्या फारकतीचा प्रश्न भारतात सहसा देवळांचे उत्पन्न, शाळांतील प्रार्थना किंवा समान नागरी कायदा या अंगांनी चर्चिला जातो. त्या फारकतीची सर्वांत बारीक आणि घरगुती कसोटी विवाह ही आहे, याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. लग्न कोण लावतो, ते लागले हे कोण ठरवितो आणि ते कोणाकोणामध्ये लागू शकते, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. महाराष्ट्र आणि तमिळनाडू या दोन प्रदेशांनी पहिल्या प्रश्नाशी शंभर वर्षांहून अधिक काळ झुंज दिली. तिसरा प्रश्न, विशेषतः समलिंगी जोडप्यांच्या संदर्भात, न्यायालयांपुढे अगदी अलीकडे आला. पहिला सुटला की तिसरा आपोआप सुटेल, अशी उदारमतवादी समजूत आहे. मराठी आणि तमिळ इतिहास शेजारी ठेवून वाचला तर ही समजूत टिकत नाही.

कोवलम ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी फेब्रुवारी १९२९ मध्ये पेरियार ई. वे. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिचे ठराव आजही वाचण्याजोगे आहेत. स्त्रियांना वारसाहक्क असावा, मुलींच्या विवाहाचे वय वाढवावे, जोडीदार निवडण्याचे व विवाह मोडण्याचे स्वातंत्र्य असावे, लग्नातील खर्च आणि कर्मकांड आटोक्यात यावे, अशा मागण्या तीत एकत्र आल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी पुरोहिताशिवाय लागलेल्या स्वाभिमान विवाहांना प्रारंभ झाला होता. या लग्नांत मंत्रांची जागा भाषणांनी घेतली. अग्नीऐवजी श्रोते साक्षीला आले. संस्कृतऐवजी तमिळ आले, आणि हा बदल केवळ भाषेचा नव्हता. वर आणि वधू यांना जे समजते तेच त्यांना बांधू शकते, असे एक नवे तत्त्व त्यातून पुढे आले.

मराठी वाचकाला येथे पुण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने, समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह लागला. पुढे १८८७ मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका प्रसिद्ध केली. या मंगलाष्टकांचे वाङ्मयीन रूप ध्यानात घेण्यासारखे आहे. परंपरेने मंगलाष्टके म्हणतो तो तिसराच कोणी, आणि वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मूक उभे असतात. फुल्यांच्या रचनेत बोलतात ते वधू आणि वर. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते आणि वर त्याविषयी वचन देतो. मंगलाष्टक हा स्तोत्राचा प्रकार त्यांनी संवादाचा केला. पुरोहिताला हद्दपार करण्याचे हे काम आधी साहित्यप्रकाराच्या पातळीवर झाले, कायद्याच्या पातळीवर ते फार नंतर पोहोचले.

कायद्याच्या पातळीवर प्रतिकार कडवा होता. ग्रामजोशाची वृत्ती ही वंशपरंपरागत मालमत्ता मानली जाई. यजमानाने दुसऱ्याकडून विधी करवून घेतला तरी ग्रामजोशी दक्षिणेचा दावा लावू शकत असे, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८७० च्या दशकात हा हक्क मान्यही केला होता. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे १८८० च्या दशकात भटाशिवाय लग्न लावणाऱ्या सत्यशोधकांविरुद्ध उभा राहिलेला खटला या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. तेथे वाद धर्मश्रद्धेचा नव्हता. न बोलाविलेल्या पुरोहिताची फी दिवाणी न्यायालयाने वसूल करून द्यावी की नाही, हा मुद्दा होता. ब्रिटिश सरकार धार्मिक बाबतीत तटस्थ असल्याचे सांगे. प्रत्यक्षात पुरोहिताच्या वसुलीसाठी त्याची न्यायालये उघडी होती. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था मोडण्यासाठी १९२६ साल उजाडावे लागले. सी. के. बोले यांच्या प्रयत्नांतून झालेल्या त्या वर्षीच्या कायद्याने, न घेतलेल्या धार्मिक सेवेचा मोबदला मागण्याचा परंपरागत पुरोहिताचा हक्क संपुष्टात आणला. फुले जाऊन तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.

याच काळात राज्याने विवाहाची एक स्वतंत्र वाट काढली होती, पण तिच्या दाराशी एक विचित्र अट होती. ब्राह्मो समाजाच्या, मुख्यतः केशवचंद्र सेन यांच्या, आग्रहातून झालेल्या १८७२ च्या तिसऱ्या कायद्याखाली नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन वा यहुदी धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे धर्माच्या बाहेर लग्न करण्यासाठी धर्म सोडल्याची कबुली द्यायची. ख्रिस्ती विवाह कायदाही त्याच वर्षीचा. त्यात राज्याने उलट मार्ग पत्करला आणि विशिष्ट चर्चांच्या धर्मोपदेशकांना व परवानाधारक धर्मसेवकांना लग्न लावण्याचा अधिकार दिला. एकाच वर्षी, एकाच विधिमंडळाने, एका कायद्यात धर्माला दाराबाहेर ठेवले आणि दुसऱ्यात त्याच्या हाती किल्ली दिली. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैनांना धर्म न नाकारता नोंदणी विवाहाची सोय झाली. तत्पूर्वी, १९१९ मध्ये, शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता दिली होती. संस्थानाची सीमा ओलांडली की त्या मान्यतेचा उपयोग संपत असे, पण धर्मसत्तेच्या परवानगीवाचून विवाह वैध ठरविण्याची इच्छाशक्ती एका मराठी राज्यकर्त्याने दाखविली, हे महत्त्वाचेच.

स्वातंत्र्यानंतर हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाने विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा असे ठरविले, आणि जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असेल तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण मानला. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू संहिता विधेयकात संस्कारविवाह आणि नोंदणी विवाह हे दोन्ही एकाच संहितेत शेजारी होते. ते विधेयक तसे मंजूर झाले नाही आणि दोन्ही वाटा दोन कायद्यांत विभागल्या गेल्या. सातव्या कलमातील ‘रूढ’ या विशेषणात स्वाभिमान विवाह अडकला. १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असा एक विवाह अवैध ठरविला होता. शास्त्रोक्त विधी नाहीत आणि नवी पद्धत रूढी ठरण्याइतकी जुनी नाही, असा त्यामागील विचार. सुधारणेला प्राचीनतेचा दाखला मागणारा हा तर्क सुधारणेलाच अशक्य करतो. त्याची किंमत मोजली ती चळवळीवर विश्वास ठेवून संसार थाटलेल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या मुलांनी, कारण विवाह अवैध ठरताच वारसा आणि पोटगी यांचा आधार जातो.

विधीचा प्रश्न दुसऱ्या बाजूने कसा फिरतो हे महाराष्ट्रातील एका खटल्यात दिसले. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पहिली पत्नी हयात असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केलेल्या पुरुषाला द्विभार्येच्या आरोपातून मुक्त केले. दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून ते लग्नच नव्हे, हे कारण. विधी गाळल्याने मद्रासेतील जोडप्याने विवाह गमावला होता. महाराष्ट्रातील पुरुषाला तीच गोष्ट शिक्षेतून सुटण्यास उपयोगी पडली. पुरोहिताला विरोध करणाऱ्या लेखनात विधी म्हणजे निव्वळ बंधन असे गृहीत असते. तो पुरावाही असतो, आणि पुरावा काढून घेतला की दुर्बळ पक्षाचे काय होते, हा प्रश्न सत्यशोधक व स्वाभिमान या दोन्ही परंपरांत पुरेसा विचारला गेलेला नाही.

१९६७ साली मद्रास राज्यात द्रविड मुन्नेत्र कळघम सत्तेवर आला आणि मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातले. ते जानेवारी १९६८ पासून अमलात आले. नातेवाईक, मित्र किंवा इतर कोणी यांच्या उपस्थितीत, उभयतांना समजेल अशा कोणत्याही भाषेत एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे जाहीर करणे, किंवा हार अथवा अंगठी घालणे, किंवा ताली बांधणे, यांपैकी काहीही एक विवाहाला पुरेसे ठरले. पुरोहित आवश्यक नाही, अग्नी नाही, मुहूर्त नाही. एवढेच नव्हे, तर पूर्वी लागलेले असे विवाहही वैध ठरविण्यात आले, आणि त्यामुळे त्या विवाहांतील मुलांचा दर्जा एका लेखणीने बदलला. भारतातील कोणत्याही विधिमंडळाने विवाहाच्या लौकिकीकरणाच्या दिशेने टाकलेले हे बहुधा सर्वांत धाडसी पाऊल असावे. महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहाला असे स्वतंत्र कलम लाभले नाही, आणि ज्या प्रदेशात ही कल्पना आधी जन्मली तेथेच ती कायद्यापर्यंत पोहोचली नाही, याचे कारण दोन्हीकडील ब्राह्मणेतर राजकारणाच्या भिन्न वळणांत शोधावे लागेल. मराठी ब्राह्मणेतर पक्ष काँग्रेसमध्ये विरघळला. तमिळ प्रवाह स्वतःच सत्ताधारी झाला.

तरीही ७-अ कलमाची भाषा पुन्हा वाचावी. घोषणा करायची ती ‘पती’ आणि ‘पत्नी’ अशी. पुरोहित निघून गेला, पण त्याच्या मंत्रातील दोन विभक्त भूमिका राज्याच्या व्याकरणात शाबूत राहिल्या. येथे तमिळ भाषेचा एक विशेष नोंदविण्याजोगा आहे. पेरियार यांनी आपल्या विवाहविषयक विवेचनाला ‘वाऴ्क्कै तुणैनलम्’ असे नाव दिले. ते तिरुक्कुरळमधील प्रकरणशीर्षकाचा आधार घेणारे आहे आणि त्यातील ‘तुणै’ म्हणजे सोबत, साथ, आधार. हा शब्द ना स्त्रीचा ना पुरुषाचा. मराठीत ‘सहचर’ म्हटले की लगेच ‘सहचरी’ म्हणावे लागते, परंतु ‘जोडीदार’ हा शब्द रूपाने पुल्लिंगी असूनही दोघांनाही चालतो. दोन्ही भाषांच्या बोलण्यात समतेची जागा तयार होती. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी ती वापरली नाही. त्यांच्यासमोर तो प्रश्नच नव्हता, असे म्हणणे न्यायाचे होईल.

प्रश्न अगदीच कोठे नव्हता असेही नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये चाललेल्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हाच वादाचा विषय होता. समलिंगी आकर्षणासंबंधीची शंकाही त्यांत होती. कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले आणि त्यांना दंड झाला, पण धर्माच्या व शिष्टाचाराच्या नजरेने न पाहता ज्ञानाच्या दृष्टीने या विषयाकडे पाहावे, हा युक्तिवाद मराठी वैचारिक इतिहासात तेव्हाच नोंदला गेला. नंतर विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने १९८१ मध्ये तो रंगमंचावर आणला आणि सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ने २००६ मध्ये कादंबरीत. तमिळमध्ये सु. समुद्रम यांची ‘वाडामल्ली’ १९९० च्या दशकात तृतीयपंथी जीवन घेऊन आली. या सर्व कृतींत प्रेम आहे, घर आहे, घराबाहेर पडणे आहे. विवाह मात्र नायकाच्या वा नायिकेच्या आवाक्याबाहेरचा म्हणूनच येतो.

विधीच्या जगात मात्र चित्र वेगळे आहे, आणि येथे लौकिकीकरणाचा सरळ रेषेत सांगितलेला इतिहास अडखळतो. तमिळनाडूतील कूवागम येथे चैत्राच्या उत्सवात कूत्तांडवर देवळात तृतीयपंथी स्त्रिया अरवानशी विवाह करतात. पुजारी ताली बांधतो, आणि दुसऱ्या दिवशी अरवानाच्या बलिदानाबरोबर ती तोडली जाते. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर यल्लम्माला वाहिलेले जोगते आहेत, जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या होत्या. यांपैकी काही प्रथांतील शोषण इतके उघड होते की मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये आणि मद्रासने १९४७ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले, व ते योग्यच होते. तथापि त्या कायद्यांनी आणखी एक गोष्ट केली. देवाशी लागलेले लग्न हे लग्न नव्हे, हे ठरविण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडे घेतला. विवाहाची व्याख्या करणारा अंतिम अधिकारी आता पुरोहित राहिला नव्हता.

म्हणूनच अलीकडची दृश्ये उलटी दिसतात. २०१८ च्या ऑक्टोबरात थूत्तुक्कुडी येथे एका पुरुषाने व एका पारलिंगी स्त्रीने देवळात हिंदू पद्धतीने लग्न केले. देवळात ते लागले, नोंदणी कार्यालयाने मात्र नाकारले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाचे न्या. जी. आर. स्वामीनाथन यांनी २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो असा निकाल दिला. २०१७ च्या अखेरीस यवतमाळात, परदेशी राहणाऱ्या एका मराठी तरुणाने आपल्या मित्राशी आप्तांच्या उपस्थितीत लग्न केले. त्या वेळी दंडसंहितेचे कलम ३७७ जिवंत होते. ते सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या खाजगी संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईत दोन स्त्रियांचे लग्न तमिळ ब्राह्मण रीतीने लागले. रूथ वनिता यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात अशा समलिंगी विवाहांचा जो पट मांडला त्यातही धर्मविधी सर्रास आढळतात. फुल्यांच्या काळी पुरोहित नकार देई आणि सुधारक राज्याकडे पाही. आता पुरोहित मिळतो, पण निबंधकाच्या टेबलावर अर्ज अडतो.

धर्मापासून पूर्णपणे सुटलेला विवाह तरी समलिंगी जोडप्याला सामावून घेतो काय, याचे उत्तर गोव्यात मिळते. भारतात धर्मसंस्था व राजसंस्था यांची फारकत कागदोपत्री सर्वांत आधी झाली ती तेथे. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरच्या हुकुमाने विवाह हा निव्वळ नागरी करार ठरला आणि १९११ मध्ये फारकतीचा कायदा झाला. गोव्यातील हिंदू जोडपे आजही मांडवाआधी नागरी निबंधकापुढे सही करते. (१९४० मध्ये सालाझार राजवटीने व्हॅटिकनशी केलेला करार आणि १९४६ चा हुकूम यांनी कॅथलिकांसाठी चर्चला पुन्हा वाट करून दिली, म्हणजे फारकतही एकदा झाली की कायमची होत नाही.) १८६७ च्या पोर्तुगीज संहितेत विवाहाची व्याख्या भिन्नलिंगी दोन व्यक्तींमधील चिरस्थायी करार अशी होती. १९१० च्या प्रजासत्ताकवाद्यांनी व्याख्येतून ‘चिरस्थायी’ हा शब्द काढला आणि घटस्फोटाला जागा केली. ‘भिन्नलिंगी’ हा शब्द त्यांनी राहू दिला. पुढे पोर्तुगालने २०१० मध्ये आपल्या संहितेतून तोही काढला, परंतु गोवा तत्पूर्वी, १९६१ मध्येच, त्या राज्यापासून वेगळा झाला होता आणि जुने शब्द येथे तसेच राहिले. चर्चचा हात काढून घेतल्यानंतर एक शतक उलटूनही शब्द हलला नाही, तेव्हा त्याचा आधार केवळ चर्च नव्हते हे उघड आहे.

उलट उदाहरणेही आहेत. डेन्मार्कला अधिकृत चर्च आहे, तरी २०१२ मध्ये तेथे समलिंगी विवाह मान्य झाला, चर्चमध्येसुद्धा. इंग्लंडने २०१३ च्या कायद्यात मान्यता दिली, पण अधिकृत चर्चला अपवाद करून. नेदरलँड्सने २००१ मध्ये आरंभ केला आणि थायलंड २०२५ मध्ये त्या रांगेत आला. या सर्वांना एकाच सूत्रात बसविण्याचा प्रयत्न करू नये.

भारतीय सर्वोच्च न्यायालयासमोर ‘सुप्रियो विरुद्ध भारत संघ’ या प्रकरणाची सुनावणी एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा न्यायालयाने व्यक्तिगत कायद्यांत न शिरता चर्चा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरती मर्यादित ठेवली. लौकिक कायदा तेवढा पाहू, धर्माचे बाजूला ठेवू, अशी ही विभागणी होती. पण तो कायदा तितका लौकिक नाही, हे चर्चा पुढे जाताच दिसू लागले. दोन हिंदूंनी त्याखाली विवाह केला तर त्यांच्या वारशाला हिंदू कायदाच लागू होतो. ही तरतूद १९७६ साली जोडण्यात आली. हिंदू, बौद्ध, शीख वा जैन व्यक्तीचा या धर्मांबाहेरील व्यक्तीशी त्या कायद्याखाली झालेला विवाह तिला एकत्र कुटुंबापासून विभक्त करतो. लौकिक कायद्याचा धागा ओढला की व्यक्तिगत कायद्याचे वस्त्र उसवू लागते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क नाही असे म्हटले. नागरी सहबंधनाच्या हक्कावर मतभेद झाला, त्यात सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. भिन्नलिंगी संबंधातील पारलिंगी व्यक्ती प्रचलित कायद्यांखाली विवाह करू शकतात, ही मदुरैची भूमिका मात्र सर्वांनी उचलून धरली. पुनर्विचार याचिका २०२५ च्या जानेवारीत फेटाळल्या गेल्या.

बहुमताचे मुख्य निकालपत्र न्या. रवींद्र भट यांचे. कायद्याने मान्य केलेला, व रूढीने मोकळ्या ठेवलेल्या जागेतील विवाह, याखेरीज विवाहाचा स्वतंत्र हक्क नाही, असा त्याचा आशय होता. त्याआधी केवळ पन्नास दिवस, २८ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तमिळनाडूच्या ७-अ कलमाचा अतिशय उदार अर्थ लावला होता. वकिलाच्या कार्यालयात, जाहीर समारंभाविना लागलेले स्वाभिमान विवाह वैध नाहीत असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले होते. ते मत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. घरच्यांच्या धाकाने पळालेल्या जोडप्याला गाजावाजा करून लग्न करण्याची सक्ती करता येत नाही, हे त्यामागील भान होते. जात ओलांडणाऱ्या जोडप्याबाबत न्यायालयाला जे भय दिसले, ते भय समलिंगी जोडप्याचेही आहे. पण पहिल्याला साठ वर्षांपूर्वीच्या विधिमंडळाने वाट करून ठेवली होती, दुसऱ्याला नाही. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने हिंदू विवाह हा संस्कार असून योग्य विधींशिवाय केवळ नोंदणीने तो सिद्ध होत नाही, असे बजावले. संस्कार की करार, हा फुल्यांच्या काळचा वाद दिल्लीत अद्याप संपलेला नाही.

मद्रासचे उच्च न्यायालय मात्र स्वतःच्या वाटेने चालत राहिले. घरून निघून चेन्नईत आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात न्या. आनंद व्यंकटेश यांनी २०२१ च्या जूनमध्ये पोलिसांना व शासनाला विस्तृत निर्देश दिले. निर्णय लिहिण्यापूर्वी आपले या विषयातील अज्ञान दूर करण्यासाठी त्यांनी समुपदेशकाची मदत घेतली आणि ते निकालपत्रात नमूदही केले, ही न्यायालयीन गद्यात विरळा आढळणारी प्रांजळता आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, ‘सुप्रियो’ निकालानंतर महिन्याभराने, त्यांनी कौटुंबिक सहबंधाच्या दस्तऐवजाची कल्पना राज्य शासनाच्या विचारार्थ ठेवली. दोघांनी करार लिहावा, राज्याने तो नोंदवावा, एवढेच. पेरियार यांच्या ‘जीवनकरारा’शी तिचे नाते उघड आहे, जरी ते निकालपत्रात शोधण्याचा आग्रह धरू नये. मे २०२५ मध्ये, पालकांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीच्या सुटकेसाठी तिच्या मैत्रिणीने केलेल्या याचिकेवर न्या. स्वामीनाथन आणि न्या. लक्ष्मीनारायणन यांनी निर्णय दिला. कुटुंब स्थापण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही आणि निवडलेले कुटुंब ही संकल्पना कायद्याला आता परिचित आहे, असे त्यांनी म्हटले. तरुणी मुक्त झाली. ती आणि तिची मैत्रीण कायद्याच्या लेखी एकमेकींच्या कोण, हे त्या दिवशीही ठरायचे राहिले. रुग्णालयातील संमतिपत्र, निवृत्तिवेतनाचा वारस आणि अंत्यविधीचा अधिकार या गोष्टी त्याच उत्तरावर अवलंबून असतात.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाह नोंदणीसाठी जे ज्ञापन भरावे लागते त्यात पतीचा रकाना आहे, पत्नीचा रकाना आहे, तीन साक्षीदारांचे रकाने आहेत, आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, पत्ता व सही यांसाठीही जागा आहे. सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले असेल तेव्हा त्या जागी विधी चालविणारा कार्यकर्ता सही करतो. कोवलमच्या जोडप्याने ७-अ खाली मित्रांसमोर हार घातले तर त्यांना पुरोहित लागत नाही. पण नोंदणीसाठी चेंगलपट्टू जिल्ह्यातील कार्यालयात जाताना त्यांच्यापैकी एकाला पती आणि दुसऱ्याला पत्नी म्हणून नाव लिहावेच लागते.